नाडीच्या चड्डीतला सुपरमॅन

आमच्या कसमादे पट्ट्यातल्या माणसाचं मालेगावात तीनच गोष्टींसाठी जाणं व्हायचं: बाजार, दवाखाना आणि पिक्चर. पहिली दोन कामं घरी सांगून, तिसरं न सांगता. मोसम नदीनं या गावाचे दोन भाग केलेत. पलीकडे यंत्रमाग. तिकडच्या गल्लीत शिरलं की खटखट इतकी, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. माझा थोरला चुलतभाऊ टेम्पोवर होता, सुताची बाचकी पोचवायचा. त्याच्यामुळे मला त्या गल्ल्या ठाऊक. नाहीतर आमच्या गावात बापे म्हणायचे, “तिकडे कशाला मरायला जातो?”

शुक्रवारी माग बंद. हप्ताभर बारा-बारा तास धोट्याकडे बघून डोळे लाल झालेला कारागीर त्या दिवशी सिनेमाला जाणार म्हणजे जाणार. याच गर्दीवर नासिर शेख यांचा व्हिडिओ पार्लर चाले. चॅप्लिन, ब्रूस ली यांचे पिक्चर पाहून पाहून हा माणूस सिनेमा शिकला. शाळा नाही, उस्ताद नाही. लग्नाची शूटिंग करायचा कॅमेरा होता, एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर घेत एडिटिंग करायचं. २००० साली त्यांनी पन्नासएक हजारांत ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यात बसंतीची बासमती झाली, आणि डाकूंना घोडे परवडेनात म्हणून ते सायकलवर आले.

आम्ही तो भावासोबत पाहिला. माझं हसू आवरेना, पण भाऊ वेगळंच बघत होता. मध्येच मला कोपर मारून म्हणाला, “हाई ते आपलाकडला माळ शे!” खरंच, तीच बाभळ, तीच मुरमाड जमीन. तोवर पडद्यावर आम्ही काश्मीर पाहिलं होतं, स्वित्झर्लंड पाहिलं होतं. आमचा माळ पहिल्यांदाच. आता कुणी म्हणेल, नक्कलच ती. असेना. नक्कल करताना खिशात जे नव्हतं त्याच्या जागी घरातलं जे घातलं, तेवढं तर अस्सल होतं!

पुढे आला तो ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैझा अहमद खान या दिग्दर्शिकेनं तो कसा घडला त्यावर २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, म्हणून हे सगळं जगाला कळलं. क्रेन नाही, तर बैलगाडीवर कॅमेरा चढवला. सुपरमॅन उडवायला मागे हिरवं कापड. पाण्यातल्या दृश्यात कॅमेराच पाण्यात पडला आणि काम अडलं. फरोग जाफरी लिहायला. बायका मात्र बाहेरगावहून आणाव्या लागत. गावातली पोरगी कॅमेऱ्यासमोर येणं शक्यच नव्हतं. हे मला खटकतं, आणि आमच्या गावच्या तमाशाच्या आठवणीनं फारसं बोलताही येत नाही.

सुपरमॅन झाला शफिक शेख. मागावरचा कामगार, अंगात मांस म्हणून नाही. त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबायची आणि उडता उडता त्याला दमा लागायचा. सिनेमातला खलनायक घाणीवर प्रेम करणारा, तंबाखूचं कौतुक करणारा. सुपरमॅन त्याच्याशी लढतो.

आणि हाच शफिक २०११ साली तोंडाच्या कॅन्सरनं गेला. गुटखा. माहितीपट थिएटरात लागला तो २०१२ साली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात गुटखाबंदी आली.

रात्रपाळीच्या माणसाला पुडी का लागते हे बाहेरच्याला नाही कळत. झोप येऊन चालत नाही, हात मशीनमध्ये असतो. जेवायला वेळ नाही, तोंडात काही असलं की भूक मरते. टेम्पोवाल्याचं तेच. भावाच्या जिभेखाली पांढरा चट्टा आला तेव्हा आम्ही त्याला नाशिकला नेलं. तोंड दोन बोटंही उघडेना. ऑपरेशन झालं, वाचला. पण अर्धा गाल गेला. बोलतो ते फक्त वहिनीला कळतं. गुटखाबंदीचा कागद निघाला तरी टपरीवर पुडी मिळतेच; विचारा म्हणजे वरून नाही, खालून काढून देतात.

२००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर पेपरात मालेगाव म्हणजे तेवढंच उरलं होतं. आमच्या पोरांना पुण्यात रूम बघताना गाव सांगितलं की समोरचा गप्प व्हायचा. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ लागला. नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव, शफिकच्या शशांक अरोरा. चांगला केलाय. पण मोठ्या पैशातलं दारिद्र्य जरा धुतलेलं दिसतं, एवढं मात्र म्हणेन.

पोरानं तो मोबाइलवर लावला तेव्हा भाऊही येऊन बसला. आदर्श गौरव, शशांक अरोरा यांच्याशी त्याला घेणं नव्हतं. शफिक आजारी पडल्याचा भाग सुरू झाला तसा तो उठला, अंगणात जाऊन पाण्याची मोटर चालू केली, आणि पिक्चर संपेपर्यंत कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी देत राहिला. परत आत आल्यावर त्यानं खुणेनं विचारलं, उडतो का शेवटी? पोरगं म्हणालं, “उडस ना, काका.”