'नाही' आणि 'माहीत नाही'



संगणकाशी आपण मुख्यतः दोन प्रकारे बोलतो. एक तर त्याला काही विचारतो, नाहीतर काही करायला सांगतो. गेली वीस वर्षे मी हेच काम करते आहे. त्यातली खरी गोम मला विचारण्यातच दिसते.

वेबवर विचारण्याला 'गेट' म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संस्थेत वेब तयार केले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत 'गेट' ही एकच विनंती होती. पुढे माहिती पाठवण्यासाठी 'पोस्ट' आली. 'गेट' म्हणजे फळ्यावरचे वाचणे. शंभरदा वाचले तरी फळा तसाच राहतो. 'पोस्ट' म्हणजे फळ्यावर लिहिणे. म्हणूनच सहलीचा फॉर्म चुकून दोनदा गेला, तर एकाच मुलाच्या दोन जागा धरल्या जाऊ शकतात.

हा फरक पाळला नाही तर काय होते? २००५ साली गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' काढला. पाने लवकर दिसावीत म्हणून तो पानावरच्या लिंका आपणहून आधीच उघडून ठेवी. काही वेबसाइटींनी 'पुसून टाका' हे कामही साध्या लिंकवर, म्हणजे 'गेट'वर, ठेवले होते. झाले! काही लोकांच्या नोंदी त्यांनी न सांगताच पुसल्या गेल्या.

आता उत्तराकडे वळू. समजा, वर्गाच्या सहभोजनासाठी मी पायथन भाषेत यादी केली : कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे? यादीत नसलेले नाव चौकोनी कंसात घालून विचारले, तर पायथन 'की-एरर' म्हणून ओरडतो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. ते टाळायला पायथनमध्येही 'गेट' नावाची सोय आहे. नाव सापडले नाही तर कोणते उत्तर द्यायचे, ते आपण आधीच सांगून ठेवायचे.

ओरडणे थांबते, म्हणून पुष्कळजण या सोयीला सुरक्षित म्हणतात. पण ते ठेवणीतले उत्तर 'ॲलर्जी नाही' असे असेल, तर? ज्या घरून फॉर्मच आला नाही, त्या मुलालाही आपण बेधडक साबुदाण्याची खिचडी वाढू. आणि आपल्या खिचडीत, कोशिंबिरीत कूट तर असायचेच! अशा वेळी प्रोग्रॅम थांबलेला बरा, नाहीतर उत्तर 'माहीत नाही, घरी फोन करा' असे हवे. प्रश्न वाढदिवसाच्या टोपीच्या रंगाचा असता, तर 'लाल' धरून चालले असते.

मुलांनो, वर्गात तुम्ही 'नाही' आणि 'माहीत नाही' ही दोन उत्तरे अगदी सुरुवातीला शिकता. ती एक नव्हेत, हे संगणकाला मात्र आपणच शिकवावे लागते.

पालकांना एक विनंती. नोंदणीच्या फॉर्मवरचा ॲलर्जीचा रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तर स्पष्ट 'नाही' असे लिहा. कोऱ्या रकान्याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही.