चितार आळीतली गदा

दोस्तांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही कधी ना कधी सोंग घेतलंच असेल. पुठ्ठ्याचा मुकुट, आजोबांचं उपरणं, आणि हातात...? हातात काय घ्यायचं, इथंच सगळं अडतं! माझ्या भाच्याचं तसंच झालं. त्याला व्हायचं होतं भीम. तोही 'अमर चित्र कथे'तल्यासारखा हुबेहूब, आणि थेट मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये!

आवडत्या पात्राचा पोशाख करून, त्याच्या रुबाबात मिरवायचं, याला म्हणतात 'कॉस्प्ले'. जपानच्या नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ मध्ये हा शब्द आणला. पण हौस त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. आपल्याकडे दिल्लीत २०११ साली कॉमिक कॉन सुरू झालं.

बाजारात प्लास्टिकची गदा मिळाली. भाच्यानं ती एका बोटावर उचलली आणि म्हणाला, "मामा, ही भीमाची नाही, फुगेवाल्याची आहे." झालं! दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकण रेल्वेनं सावंतवाडी गाठली.

चला, तुम्हालाही फिरवून आणतो. गावाच्या मधोमध मोती तलाव, काठाला राजवाडा. या राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत एकूण १२० पत्ते, प्रत्येक अवताराचे बारा. गंमत म्हणजे परशुरामाचे पत्ते ओळखायचे ते परशूवरून. बघा, हातातल्या वस्तूवरूनच माणूस ओळखला जातो! कोकणातले दशावतारी नाटकवालेसुद्धा आपली सोंगं पेटाऱ्यात ठेवतात आणि त्या पेटाऱ्याची पूजा करतात.

तिथून आम्ही गेलो चितार आळीत. दोन्ही बाजूंना लाकडी खेळण्यांची दुकानं. आंबे, केळी, सीताफळं इतकी खरी, की चावा घ्यावासा वाटावा. भोवरे, बैलगाड्या, भातुकली... पण तयार गदा काही आम्हाला हवी तशी दिसेना. शेवटी एका वयस्कर कारागिरांना पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, चित्र बघितलं आणि भाच्याला म्हणाले, "झिला, गदा धरतलंस कशी, ती दाखय."

भाचा गडबडला. याचा त्यानं विचारच केला नव्हता! काकांनी त्याच्या हातात एक काठी दिली. खांद्यावर ठेव म्हणाले, जमिनीला टेकव म्हणाले, चालून दाखव म्हणाले. मग त्याची मूठ दोऱ्यानं मोजली. चित्रात गदा केवढी आहे ते त्यांना नको होतं, या मुलाला केवढी पेलेल ते हवं होतं.

"गोळा दहा इंचांचा करा," भाचा म्हणाला. काका हसले. एवढा मोठा सुका ठोकळा त्यांच्याकडे नव्हता. "ओल्या लाकडाचो भरवसो नाय. सुकला काय फुटता!" सुका होता तो सहा इंचांचा, पांगाऱ्याचा. भाच्याचा चेहरा उतरला. पण तुम्हीच गणित करून बघा. सहा इंच व्यासाचा भरीव गोळा सागाचा केला, तर सव्वा किलोच्या आसपास भरेल. पांगारा फार हलका, त्याचा गोळा साधारण अर्ध्या किलोचा. दिवसभर खांद्यावर काय घ्याल?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही ठाण मांडलं. लेथवर ठोकळा गरगर फिरू लागला, पटाशी लागली की भुगा उडे आणि चौकोनी लाकूड हळूहळू गोल होई. दांडा वेगळा केला. त्याचं टोक गोळ्याच्या भोकात घट्ट बसे आणि हवं तेव्हा सुटेही. म्हणजे गाडीतून न्यायची सोय! मग पॉलिश पेपर, अस्तर आणि सोनेरी रंग. रंग नीट वाळायला आणखी एक दिवस गेला.

पैसे देताना मी सवयीनं म्हटलं, "काही कमी करा की, काका." ते काहीच बोलले नाहीत. भाचा मात्र हळूच म्हणाला, "मामा, काका काल सकाळपासून बसलेत. मी घड्याळ बघत होतो." मला खाली बघावं लागलं. आम्ही सांगितले तेवढे पैसे दिले. त्यात भाच्याच्या भाऊबिजेचेही होते.

कॉमिक कॉनच्या दारात हातातली हत्यारं तपासतात. धातूचं किंवा धारदार काही आत नेऊ देत नाहीत. आमची गदा त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, ठोकली. "लाकडाची आहे? कुणी केली?" असं विचारताच भाच्यानं रांग अडवून चितार आळीची सगळी गोष्ट सांगितली! बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. पण हा पठ्ठ्या संध्याकाळपर्यंत गदा खांद्यावर घेऊन ताठ चालत होता, अगदी काकांनी चालायला लावलं होतं तसाच.

तेव्हा दोस्तांनो, तुम्हालाही असं काही करून घ्यायचं असेल, तर आईबाबांबरोबर जरूर सावंतवाडीला जा. पण चार दिवस हाताशी ठेवून जा. आणि जाण्याआधी आरशासमोर उभं राहून बघा हं, तुम्ही ती वस्तू धरणार कशी? काका पहिल्यांदा तेच विचारतील!