‘मॅडम, एकदा बंद करून चालू करा’

बॅटरी बदलून लॅपटॉप दुकानातून घरी आला, फायरफॉक्स उघडला आणि समोर कोरी खिडकी! प्रस्तुत लेखिकेचे शंभरेक टॅब त्यात उघडे असायचे. १८८५चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर, जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं, अर्धे वाचलेले लेख. ‘बुकमार्क का नाही केलेत?’ असं विचारणाऱ्यांनी लिहिणाऱ्या माणसाचं टेबल एकदा बघून यावं.

दुकानात फोन केला. “मॅडम, एकदा बंद करून चालू करा.” केलं. कोरंच. “परत एकदा करा ना.” तेही केलं. मग शांतपणे उत्तर आलं, “गेलं मग ते.”

हे अजून डाचतं. कारण घात झाला तो त्या बंद-चालू करण्यानेच.

फायरफॉक्स चालू असताना साधारण दर १५ सेकंदांनी उघड्या टॅबांची नोंद करत असतो. नीट बंद केला की ती एका फाइलीत उतरते आणि पुढच्या वेळी उघडला की तीच फाइल ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ या फोल्डरात ‘प्रीव्हियस’ नावाने जाऊन बसते. म्हणजे कोरी खिडकी पहिल्यांदा दिसली तेव्हा टॅब बहुधा तिथेच होते. हिस्ट्रीच्या मेनूत ‘रिस्टोअर प्रीव्हियस सेशन’ दाबून बघायचं होतं. बंद करून उघडल्यावर मात्र ती कोरी खिडकीच ‘प्रीव्हियस’ झाली. पंख्यापासून राउटरपर्यंत सगळ्याला लागू पडणारा इलाज इथे नेमका उलटा पडला, आणि तो सांगणाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मावशी, आता कशालाही हात लावू नकोस. आधी तो फोल्डर पेनड्राइव्हवर घे.” त्या फोल्डरात ‘अपग्रेड’ने सुरू होणारी एक फाइल निघाली. फायरफॉक्स नवी आवृत्ती घेतो तेव्हा आधीच्या टॅबांची अशी प्रत काढून ठेवतो. ब्राउझर बंद ठेवून ती प्रोफाइल फोल्डरात ‘सेशनस्टोअर.जेसनएलझेड४’ या नावाने ठेवली, उघडला, आणि गॅझेटियर हजर. अपडेटनंतर उघडलेलं तेवढं गेलं. त्यातलं काही हिस्ट्रीतून शोधून काढलं. ऐन कामात टपकणाऱ्या अपडेटना लेखिकेने आजवर शिव्याच घातल्या होत्या. आता त्या घालताना जीभ जरा अडखळते.

क्रोमवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथली हिस्ट्री ९० दिवसांपुरतीच असते, आणि खासगी खिडकीतलं तर कुठलाच ब्राउझर जपून ठेवत नाही. दोन्हीकडे कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलं की खिडकीतले सगळे टॅब एकदम बुकमार्कच्या फोल्डरात जातात. आठवड्यातून एकदा तेवढं करावं.

आणि कोरी खिडकी दिसलीच, तर दुकानदार काहीही म्हणो, आधी हिस्ट्रीचा मेनू बघा. तिथेही काही नसेल तर फोल्डरची प्रत काढून ठेवा. बंद-चालू त्यानंतर.