वाकणं आणि वाकवणं

‘नम्रता’ या शब्दाकडे मी बरीच वर्षं संशयानंच पाहिलं. आमच्या घराण्याच्या वाट्याला तो आला तो गावाकडून. वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझे पणजोबा पाटलाच्या वाड्यावरून जाताना चपला हातात घेत आणि कमरेत वाकून जोहार घालत. गाव त्याला नम्रपणा म्हणायचं. ज्यांच्या पाठीला वाकण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली, त्यांना चर्चमध्येही ‘देवापुढे लीन व्हा’ असं ऐकवलं, की मनात प्रश्न येणारच : आणखी किती?

या प्रश्नाचं उत्तर आमच्या आजीकडे होतं. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, “देवापुढी वाकलं न बापा, का मंग मानसापुढी वाकाचं काम नाही.” मला हे वाक्य बरेच दिवस नुसतं चटकदार वाटायचं. त्याचा अर्थ कळला तो प्रभुभोजनाच्या वेळी. वेदीपुढच्या कठड्याशी माणसं ओळीनं गुडघे टेकतात. एकीकडे मास्तर, दुसरीकडे झाडूकाम करणारा, मधे कुणाची तरी सून. गुडघ्यांवर आलेल्या माणसांची उंची जवळजवळ सारखीच दिसते. भाकर एकच, द्राक्षरसही एकच. पाटलापुढे फक्त आम्ही वाकत होतो. इथे सगळेच वाकतात. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

अर्थात, चर्चमध्ये आलं म्हणून सगळं सुटलं असं नव्हे. महाराष्ट्रभरच्या मिशन कंपाउंडांत बंगला वेगळा असे आणि क्वार्टर वेगळी असत. गोऱ्या साहेबापुढे अदबीनं उभं राहणं म्हणजेच ख्रिस्ती लीनता, असा समज सहज रुजायचा. म्हणून मला रेव्हरंड टिळकांचं महत्त्व वाटतं. नारायण वामन टिळक चित्पावन ब्राह्मण घरातले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जातीचा मान गेला, घर दुभंगलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून ते आपल्याला ठाऊक आहे. पण हाच माणूस १९१७ साली मिशनचा पगार सोडतो आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडतो. देवापुढे लोटांगण आणि मिशनपुढे ताठ मान! या दोन गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदल्या. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाला लहानपण मागणं आणि लाचार होणं यातला फरक वेगळा शिकवावा लागला नसेल.

आमच्या वाशीमची गोष्ट एवढी प्रसिद्ध नाही. १९३६ साली डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन बाई नाझरीन मिशनतर्फे भारतात आल्या. १९३८ साली एका जुन्या शाळेच्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि पुढची सुमारे चार दशकं त्यांनी इथे काढली. माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. ऑपरेशनच्या आधी सगळे डोळे मिटून प्रार्थना करत, असं ती सांगायची. मी एकदा विचारलं, “मग काय, सगळं देवावर?” ती म्हणाली, “छे! आमेन म्हटलं की आधी गॉज मोजायचे. आणि टाके घालायच्या आधी पुन्हा मोजायचे.”

ख्रिस्ती नम्रतेवर मी पुष्कळ उपदेश ऐकले. एवढा नेमका दुसरा नाही. आपण चुकू शकतो हे ज्याला मान्य आहे, तोच पुन्हा मोजतो. ‘मी काहीच नाही, मी धूळ’ असं साक्ष देताना म्हणणं सोपं आहे. परुशी आणि जकातदाराच्या दाखल्यात जकातदार छाती बडवून दया मागतो. पण तेच शब्द आपण सवयीनं, चारचौघांत, थोड्या चढ्या आवाजात म्हणू लागलो, की आपला कधी परुशी झाला ते कळतही नाही.

आईचा शेवटचा धडा मात्र याहून अवघड होता. आयुष्यभर तिनं परक्यांची अंगं पुसली, बेडपॅन उचलले, जखमा धुतल्या. शेवटच्या वर्षी तिचे पाय सुजले, तिला वाकता येईना. मी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन बसलो की ती पाय आखडून घ्यायची. “तू नको. बाई येईल उद्या.” सेवा करणं तिला येत होतं, करून घेणं येत नव्हतं. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्राचंही हेच झालं होतं. पाय धुणाऱ्या गुरूपेक्षा त्याला स्वतःचे मळके पाय पुढे करणं जड गेलं. देणाऱ्याच्या जागी बसलं की थोडा वरचढपणा उरतोच. घेणाऱ्याच्या जागी तोही गळून पडतो. देवाची कृपा म्हणतात ती शेवटी घेण्याचीच गोष्ट आहे. तिची परतफेड होत नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईनं पाय पुढे केले. काही बोलली नाही. बोटांच्या बेचक्यात मी नीट पुसलं की नाही, तेवढं मात्र तिनं वाकता येत नसतानाही मान लांब करून पाहिलं.