नक्कल आणि अस्सल

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. भाषांतर, रूपांतर, अनुकरण अशी उतरंड दरवर्षी फळ्यावर मांडताना 'नक्कल' या शब्दाला आम्ही तळाची जागा देत आलो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आमच्या वाडीतला आजोबांच्या हातचा रायवळ आंबा आडवा झाला. पावसाळ्यानंतर तो कापायला आला आमचा एक जुना विद्यार्थी. त्याच्या हाती होता चेनसॉ : स्टील या जर्मन कंपनीच्या एमएस ६६० या यंत्राची प्रतिकृती, चीनमध्ये बनलेले सुटे भाग मागवून त्याने घरीच जोडलेली. पिस्टनचा व्यास ५४ मिलिमीटर, क्षमता ९१.६ सीसी, अगदी मुळाबरहुकूम.

"सर, पहिल्यांदा नुसते जोडले," तो म्हणाला. "पिस्टन-पिनचे लॉक तुटले आणि सिलिंडर ओरबाडला गेला." दुसऱ्या खेपेस त्याने लॉक आणि रिंगा चांगल्या प्रतीच्या घातल्या. रिंगा अडकू नयेत म्हणून पोर्टच्या धारदार कडा घासून बोथट केल्या. क्रँककेसमध्ये हवा भरून दाब टिकतो का, हे पाहिले. कारण गास्केट वा सीलमधून बाहेरची हवा आत शिरली, तर पेट्रोल-तेलाचे मिश्रण विरळ होते, वंगण अपुरे पडते आणि पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. मूळ कर्त्याने कोणता भाग तसाच का घडवला, हे त्याला प्रत्येक बिघाडाने शिकवले होते. मुळाचे इतके सूक्ष्म वाचन आमच्या वर्गात क्वचितच घडते.

ऐकताना आम्ही अस्वस्थ झालो. याच मुलाचा निबंध 'मार्गदर्शकातून उतरवलेला' असा शेरा मारून आम्ही परत केला होता. त्यानंतर त्याने महाविद्यालय सोडले. शेरा खोटा नव्हता, आणि उतरवणे क्षम्य आहे असे आजही आमचे मत नाही. पण नुसते जोडणे आणि जोडता जोडता समजून घेणे यांतला फरक पाहण्याचे काम आमचे होते.

संध्याकाळी चहा घेताना न राहवून विचारले, "त्या निबंधात तुझे स्वतःचे काही होते का रे?"

"शेवटचा परिच्छेद, मॅडम."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिथपर्यंत आम्ही वाचलेच नव्हते.