कपाटातले इंद्रजाल

आमच्याकडे इंदूरच्या लोकमान्य नगरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. हौद भरला की मोटर लावायची आणि गच्चीवरची टाकी भरली की बंद करायची, हे घरातलं काम माझं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी मोटर लावली, तेवढ्यात मित्र आला आणि मी त्याच्याबरोबर सराफ्यात खायला निघून गेलो. परतलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. जिन्यातच पाण्याचा आवाज आला.

गच्चीच्या मोरीत कडुलिंबाचा पाला अडकला होता. साचलेलं पाणी स्लॅबच्या जुन्या भेगेतून वरच्या खोलीत उतरलं होतं आणि भेगेच्या बरोबर खाली लोखंडी कपाट होतं. ते तिथे मीच सरकवलं होतं, खिडकीतलं ऊन लागू नये म्हणून.

कपाटात माझे इंद्रजाल कॉमिक्स होते. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट, कोलमन कंपनीने १९६४ च्या मार्चमध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. तोवर आठशेवर अंक निघाले होते. इंदूरला हिंदी अंक सहज मिळायचे, पण त्यातला फँटम म्हणजे ‘वेताल’. माझा वेताळ मराठी, आणि तो पुण्याहून यायचा. पुण्याची मामी सुट्टीत यायची ती खांडव्याहून छोट्या लाइनीने, पाताळपाणीचा घाट चढून. तिच्या पिशवीत चार-पाच अंक असायचेच. घरी पोचेपर्यंत मला धीर नसायचा, स्टेशनवरच ते काढून घ्यायचो. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर या मालिकेत आला तेव्हा मी आठवीत होतो. नोकरी लागल्यावर खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि रद्दीवाल्यांकडे रविवार घालवले, हिंदी अंकही जमवले. किती जमले? सहाशेच्या आसपास, असं मी सगळ्यांना सांगायचो. मोजले कधीच नव्हते.

पहिली चूक मात्र त्या पाण्याच्या कितीतरी आधीची. अंक सुटे राहिले तर हरवतील, म्हणून मी दहा-दहा अंकांचे गठ्ठे बाइंडिंगला दिले. बाइंडरने विचारलं, “कडा सरळ करू का?” मी म्हणालो, “करा की, छान दिसेल.” त्याने मशीनवर तिन्ही बाजू कापल्या. एका अंकात तळाच्या चौकटीतल्या फुग्यातली शेवटची ओळ मधोमध कापली गेली. अक्षरांचे माथे राहिले, खालचा भाग गेला. वेताळ तिथे काय म्हणतो ते आता वाचता येत नाही. जुन्या अंकांची पारख असलेल्या माणसाने कापलेला अंक हातात घेऊन नुसता खाली ठेवला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसलो आहे.

जे सुटे राहिले त्यांच्या फाटलेल्या पाठींना मी सेलोटेप लावली. टेप सुटून पडली, तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरला. वर शाळेच्या वह्यांना घालतात तसली मऊ प्लॅस्टिकची कव्हरं घातली. इंदूरच्या उन्हाळ्यात ती तेलकट झाली, मुखपृष्ठांना चिकटली आणि ओढल्यावर रंग घेऊन निघाली. मुळात हा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. त्याला जपायचं तर आधी त्याचा स्वभाव माहीत हवा. मी त्याला फक्त झाकत राहिलो.

त्या रात्री वरचे दोन कप्पे भिजले. सकाळी ऊन पडलं तसे मी सगळे अंक गच्चीवर पसरले, आणि ही चूक सगळ्यांत महागात पडली. कागद वाकडे झाले, पानं एकमेकांना चिकटली, गंजलेल्या पिनांचे डाग पसरले. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. खरं तर ओले अंक पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे असतात, थंडीत बुरशी वाढत नाही. मग सवडीने एकेक बाहेर काढून टीपकागद घालत पंख्याखाली वाळवायचा. हे मला महिन्याभराने समजलं.

विमा होता. घराच्या कर्जाबरोबर ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घेतली होती. तिच्यात इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप येतं आणि टाकी भरून वाहिल्याचं नुकसानही येतं. तेवढं ऐकून मी निश्चिंत होतो. पण हे सामान म्हणजे रोजच्या वापरातलं. दागिने, चित्रं, दुर्मीळ वस्तू यांच्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं, त्यांची किंमत आधी ठरवून लिहावी लागते. मी अर्जात ‘पुस्तके’ एवढंच लिहिलं होतं.

सर्वेअर सभ्य माणूस होता. “लिस्ट है?” नव्हती. “फोटो, बिल, कुछ भी?” काहीच नव्हतं. लगद्याचा एक गोळा उचलून त्याने विचारलं, “ये कौनसा था?” तेही मला सांगता आलं नाही. हाताशी फक्त अंकांवरची छापील किंमत होती, रुपया-दीड रुपया. जुनी पुस्तकं म्हणून जे मिळालं ते मी मुकाट्याने घेतलं. पुढे समजलं की त्या वेगळ्या कलमात एकूण रक्कम ५ लाखांच्या आत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखाच्या आत असली, तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. नीट केलेली यादी पुरली असती.

ते कलम आता घेतलं आहे. अंक खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून सुटे, जमिनीपासून फूटभर वर ठेवले आहेत. प्रत्येकाला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा आहे. पावसाळ्यात रोज आर्द्रतेचा काटा बघतो. रजिस्टरमध्ये क्रमांक, नाव, भाषा आणि अवस्था लिहितो, दोन्ही बाजूंचे फोटो काढतो. त्यांची एक प्रत पुण्याला मुलीकडे असते. मोजल्यावर अंक ५३८ भरले.

लगद्यात गेलेल्यांसाठी सुरुवातीची अकरा पानं कोरी सोडली आहेत. मामी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. फोन केला की मी तिला विचारतो, कोणकोणते अंक आणले होतेस गं? परवा तिला एक आठवला. पांढऱ्या घोड्यावर वेताळ, मागे जळणारी झोपडी, आणि कोपऱ्यावर तिच्या डब्यातल्या लोणच्याच्या तेलाचा डाग. पहिल्या पानावर तेवढंच लिहिलं आहे.