बाळ खेळत होतं, तरी रिपोर्ट खरा होता

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत बातमीसाठी गेलो होतो. मांडीवर तीन महिन्यांचं बाळ घेतलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, रिपोर्टमध्ये सिकलसेल एसएस लिहून आहे. पण पोरगं तं मस्त खेळते. रिपोर्ट खोटा असन नं?"

मी एकाही डॉक्टरला विचारलं नाही. चौकट छापली: 'सुदृढ बाळाला ठरवले आजारी'. ऑफिसात शाबासकी मिळाली. घरच्यांनी कात्रण जपून ठेवलं आणि तपासणीला जाणं बंद केलं. वर्षभरात ते बाळ हातपाय सुजून, कळांनी रडत दवाखान्यात भरती झालं.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात सिकलसेलचा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनवणारं जनुक बंद होत जातं आणि दोष असलेलं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. म्हणून सुरुवातीचे महिने बाळ ठणठणीत दिसतं. ते जनुक नाहीसं होत नाही. त्यावर मिथाइलचे बारीक रासायनिक ठिपके बसतात, काही प्रथिनं मदतीला येतात आणि ते गप्प होतं. या ठिपक्यांना मिथिलेशन म्हणतात.

ही सोय प्राण्यांमध्ये फार जुनी आहे. मधमाशीत ती आहे. एकाच प्रकारच्या अळीची राणी होणार की कामकरी, यात तिचा हात असतो. फळमाशीने ती जवळजवळ गमावली. मासा, बेडूक, माकड, माणूस अशा कणा असलेल्या प्राण्यांत मात्र ती जवळपास सगळ्या डीएनएवर पसरली.

माकडात आणि आपल्यात हे कुलूप सारखंच, म्हणून १९८२ साली अमेरिकेत बबून माकडांना मिथिलेशन रोखणारं औषध देऊन पाहिलं. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढलं! त्या औषधाने कॅन्सर होईल अशी भीती होती. पर्याय शोधताना हायड्रॉक्सियुरिया पुढे आलं. ते ठिपके पुसत नाही, पण तेच हिमोग्लोबिन वाढवतं आणि कळा कमी करतं.

आपल्या नागपूरच्या संपत रामटेके यांनी या आजारासाठी आयुष्य वेचलं. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, मुदत २०४७ ची. कार्डवाटपाचे फोटो आम्ही छापतोच. पण प्रत्येक बाळाची तपासणी जन्मताच होते का, आणि गोळी दर महिन्याला गावच्या आरोग्य केंद्रात मिळते का, हे आपण विचारायला हवं. तुमच्या केंद्रात काय स्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा. मी जाऊन पाहीन.

या वेळी डॉक्टरला विचारून छापीन.